धक्क्याच्या कडेची लाइन

हार्बरची गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागते ती एक आणि दोन नंबरच्या फलाटांवर, म्हणजे स्थानकाच्या अगदी पश्चिमेच्या कडेला. तिला जायचं असतं पूर्वेला, बंदराकडे, आणि मध्ये मेन लाइनचे सगळे रूळ आडवे. म्हणून मशीद स्थानक सोडल्यावर ती चढू लागते. शेजारच्या इमारतींचे पहिले मजले खिडकीच्या पातळीला येतात, मग दुसरे, आणि सँडहर्स्ट रोडपाशी ती मेन लाइनच्या डोक्यावरून पलीकडे जाते. रोजच्या प्रवाशाला त्यात काही विशेष वाटत नाही. पण देशातली विजेवर धावलेली पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच चढावरून गेली. ती विजेवर का धावली, याचं एक उत्तर या चढातच आहे.

यंदाच्या अंकाचा विषय ‘शंभरीनंतर’ असा ठरल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा हार्बरच्या विजेच्या गाडीच्या शताब्दीचे समारंभ होऊन गेले होते. मला लाइनच पाहायची होती. तीही १९२५ मध्ये होती तेवढीच, सीएसएमटी ते कुर्ला, सुमारे सोळा किलोमीटर. आज हार्बर म्हटलं की डोळ्यांसमोर येतं वाशी, नेरूळ, पनवेल. कुर्ल्याच्या अलीकडची स्थानकं बहुतेकांच्या झोपेत किंवा मोबाइलमध्ये निघून जातात. म्हणून एकेका स्थानकावर उतरत, मागून येणारी गाडी पकडत, पहाटे आणि भर दुपारी, कामाच्या दिवशी आणि रविवारी ही लाइन पाहिली. पाहता पाहता एक गोष्ट पक्की होत गेली: ही लाइन बंदरातल्या मालासाठी घातली गेली, माणसांनी ती नंतर आपली केली. तिचं वळण, तिचा चढ, स्थानकांच्या जागा, सगळं बंदराच्या सोयीने ठरलेलं आहे. आणि ते बंदर आता तिच्या कडेवरून उठत चाललं आहे.

मेन लाइनच्या डोक्यावरून

सँडहर्स्ट रोड हे एकावर एक रचलेलं स्थानक आहे. खाली मेन लाइन, वर हार्बर. खालच्या फलाटावर उभं राहिलं की डोक्यावरून गाडी जाते आणि सगळा सांगाडा थरथरतो. हा भार ज्या पोलादी खांबांवर आहे त्यांच्याजवळ जाऊन पाहावं. रंगाचे थरावर थर बसले आहेत, तरी खालची उठावाची अक्षरं वाचता येतात: जीआयपीआर, १९२१, लुथा आयर्न वर्क्स, ग्लेनगार्नॉक स्टील. जीआयपीआर म्हणजे तेव्हाची रेल्वे कंपनी, ग्लेनगार्नॉक हे स्कॉटलंडमधलं पोलादाचं गाव. तिथलं पोलाद बोटीने मुंबईत आलं आणि बंदरापासून हाकेच्या अंतरावर उभं राहिलं. शंभर वर्षं समुद्राचा खारा वारा खाऊनही ते खांब गाड्या पेलताहेत. फलाटावरची माणसं त्यांना पाठ टेकून उभी असतात.

हा उन्नत मार्ग होण्याआधी हार्बर लाइन अर्धवट होती. १२ डिसेंबर १९१० रोजी ती कुर्ल्याहून रे रोडपर्यंत सुरू झाली आणि तिथेच थांबली. पुढे दाट वस्तीचं डोंगरी आणि मेन लाइनचा पट्टा. जमिनीवरून जागा मिळणं अशक्य होतं. म्हणून लाइन वर उचलावी लागली, आणि तीही थोड्या अंतरात, कारण ऐसपैस उतार द्यायला पुरेशी लांबीच नव्हती. तीव्र चढ, लगेच वळण, दोन्ही बाजूंना लोकांच्या खिडक्या. वाफेच्या इंजिनाने अशा जागी धूर ओकत, धापा टाकत, दर काही मिनिटांनी डबे ओढून न्यायचे, हे जमणारं नव्हतं. शिवाय टर्मिनसवर गाडी आली की इंजिन सोडवायचं, दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचं, त्यात फलाट अडकून राहायचा. विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. मोटरमन एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाला चढतो आणि गाडी परत निघते. मुंबईची लोकल आज ज्या वेगाने फलाट रिकामा करते, तिचा पाया या साध्या सोयीत आहे.

पहिली विजेची गाडी धावली त्या दिवशी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी बोरीबंदरला, म्हणजे आजच्या सीएसएमटीला, ती सुरू करून दिली. गाडी चार डब्यांची होती. आजच्या बारा डब्यांच्या गाडीत चढताना ते चार डबे डोळ्यांपुढे आणायला हवेत, म्हणजे शंभर वर्षांत या रुळांवर किती माणूस वाढला ते कळतं.

सँडहर्स्ट रोड ते डॉकयार्ड रोड हा तुकडा मला सगळ्यात आवडतो. गाडी सावकाश चालते, वळणाला चाकं किंचाळतात आणि दोन्हीकडे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवरचं घरातलं जगणं उघडं असतं. ग्रिलला वाळत घातलेले कपडे, कुंडीत तुळस, पलीकडच्या खिडकीत शिवणयंत्रावर वाकलेला माणूस. गाडीकडे कोणी मान वर करून पाहत नाही. इथल्या मुलांनी गाडीच्या आवाजात अभ्यास केला आहे आणि त्यांच्या आजोबांनीही.

मावळातलं पाणी

पहिल्या गाडीला लागणारी वीज आली ती टाटांच्या जलविद्युत केंद्रांकडून. खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं होतं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. लोणावळा, वळवण, शिरोता इथल्या तलावांत साठलेलं पावसाचं पाणी नळांतून घाटाखाली कोसळायचं, त्यावर जनित्रं फिरायची आणि तारांवरून वीज मुंबईला यायची. त्या विजेवर गिरण्या चालत होत्या, आता रेल्वे चालू लागली.

याच काळात मुळशीच्या मावळ्यांची जमीन पाण्याखाली जाणार होती. भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशीला धरण होत होतं, आणि १९२१ च्या एप्रिलमध्ये तिथे सत्याग्रह सुरू झाला होता. सेनापती बापटांची ‘सेनापती’ ही ओळख त्याच लढ्यातली. पहिली विजेची गाडी धावली तोवर तो लढा चिरडला गेला होता. १९२७ मध्ये भिरा केंद्र सुरू झालं. रेल्वेच्या इतिहासात मुळशीचं नाव सहसा येत नाही, ते यायला हवं. मुंबईच्या विजेची किंमत ज्या शेतांनी मोजली त्यांचा उल्लेख केल्याशिवाय या शताब्दीचा जमाखर्च पुरा होणार नाही.

ती वीज गाडीपर्यंत पोचायची कशी, हेही समजून घेण्यासारखं आहे. हार्बरच्या डोक्यावरच्या तारेत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता, रेल्वेची माणसं त्याला नुसतं ‘डीसी’ म्हणतात. दाब कमी असला की तेवढंच काम करायला प्रवाह जास्त लागतो. प्रवाह जास्त म्हणजे तांब्याची तार जाड, वाटेतली गळती जास्त आणि थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रं. गाड्या वाढत गेल्या, डबे वाढत गेले, तशी ही व्यवस्था अपुरी पडू लागली. देशभर २५ हजार व्होल्टची ‘एसी’ रूढ झाली, तिला उपकेंद्रं खूप लांब लांब पुरतात. पण मुंबईत बदल करणं जिकिरीचं होतं. दाब वाढला की तारेपासून पुलाच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर वाढवावं लागतं, आणि मुंबईचे जुने पूल ठेंगणे. कुठे रूळ खाली घ्यावे लागले, कुठे पूलच पाडावे लागले. हे सगळं गाड्या बंद न करता, रात्रीच्या तीन-चार तासांत आणि रविवारच्या ब्लॉकमध्ये.

मुंबईत सगळ्यात आधी डीसी आली हार्बरवर, आणि सगळ्यात शेवटी गेली तीही हार्बरवरूनच. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीकडे शेवटची डीसी लोकल सुटली. तिला निरोप द्यायला हौशी रेल्वेप्रेमी जमले होते, डब्यात गाणी झाली. बारा डब्यांची गाडीही हार्बरला त्याच महिन्याच्या शेवटी मिळाली. तोवर इथले प्रवासी नऊ डब्यांत कोंबून घेत होते, मेन लाइनवर बारा डबे केव्हाच रुळले असताना. टर्मिनसचे हे दोन फलाट लांबवायला २०१६ च्या फेब्रुवारीत सलग तीन दिवसांचा ब्लॉक घ्यावा लागला, आणि तो घ्यायला इतकी वर्षं लागली. हार्बरचा माणूस ‘आमचं सगळं शेवटी’ असं म्हणतो तेव्हा त्याच्या पदरी असा पुरावा असतो.

डॉकयार्डची टेकडी

डॉकयार्ड रोडला उतरून पायऱ्या चढल्या की भंडारवाड्याची टेकडी. वर पाण्याचा जुना जलाशय आहे आणि त्याच्यावर बाग, जोसेफ बॅप्टिस्टांच्या नावाची. काका बॅप्टिस्टा माझगावचे, माथारपाखाडीचे. टिळकांचे सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष, कामगारांचे वकील. ते मुंबईचे महापौर झाले तेही १९२५ मध्येच.

या बागेच्या कठड्याशी उभं राहिलं की लाइनचं कारण एका नजरेत दिसतं. खाली रूळ, रुळांपलीकडे गोदामांची छपरं, त्यापलीकडे क्रेन आणि माझगाव डॉकमधलं एखादं अर्धवट बांधलेलं करडं जहाज, मग पाणी. ही सगळी किनारपट्टी माणसाच्या हातची आहे. पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्ये स्थापन झाला, प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये, आणि आज इंदिरा डॉक म्हणतात ती अलेक्झांड्रा डॉक १९१४ मध्ये खुली झाली. माझगाव ते शिवडी पाचशे एकरांहून जास्त समुद्र भरून काढला गेला. त्या भरावावर गोदामं, गोदामांना जोडणारी पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे, आणि ती रेल्वे वडाळ्याला देशाच्या रुळांना जोडलेली. १ जानेवारी १९१५ रोजी बंदराची ही रेल्वे सुरू झाली. बॅलार्ड पियरच्या मोल स्थानकात बोटीतून उतरलेला साहेब थेट गाडीत बसून उत्तरेकडे जायचा. हार्बर लाइन याच व्यवस्थेची सख्खी बहीण. एकीने माल वाहायचा, दुसरीने तो माल उचलणारी माणसं.

पहाटे डॉकयार्ड रोडच्या फलाटावर मासळीचा वास येतो. भाऊच्या धक्क्यावर बोटी लागलेल्या असतात, लिलाव होतात आणि कोळणी पाट्या भरून स्टेशन गाठतात. लगेजच्या डब्यात चढायला वीस-पंचवीस सेकंद. दोघी खाली राहून पाट्या उचलून देतात, दोघी आधी चढून ओढून घेतात आणि गाडी हलता हलता खालच्या दोघी आत येतात. मी एका मावशींना पाटी धरायला हात पुढे केला तर त्यांनी मला खांद्याने बाजूला सारलं. “बाजूला व्हा भाऊ, वाटेत येऊ नका. गाडी काय आमच्यासाठी थांबायची नाय.” त्यांना चेंबूरचा बाजार गाठायचा होता. बर्फाचं पाणी डब्यात वाहत होतं आणि मावशी पाटीवर प्लॅस्टिक नीट खोचून तिच्यावरच बसल्या.

हाच भाऊचा धक्का कोकणच्या माणसाचं मुंबईतलं पहिलं पाऊल. बोटीने आलेला चाकरमानी इथे उतरायचा आणि वळकटी घेऊन लालबाग, परळ, काळाचौकीतली गाववाल्यांची खोली शोधायचा. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट इथूनच रेवसला निघाली आणि बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या जुन्या घरांत अजून तिचा विषय निघतो. आज धक्क्यावरून मोरा आणि रेवसच्या लाँच सुटतात.

त्याआधी तीन वर्षं, १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी, व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटलं. पोटात कापसाच्या गासड्या, चौदाशे टन स्फोटकं आणि सोन्याच्या विटा, असा भार एकत्र भरलेला. चारच्या सुमाराला पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. जळत्या गासड्या हवेत उडून डोंगरी आणि मांडवीच्या वस्तीवर पडल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. आज हार्बरची गाडी ज्या उन्नत मार्गावरून जाते तिथून ती गोदी जेमतेम एक-दीड किलोमीटर.

कापूस गेला, गोदामं राहिली

रे रोडपासून गाडी पुन्हा जमिनीवर येते आणि डबा बराच रिकामा होतो. उजव्या हाताला दारूखाना. एके काळी बंदुकीच्या दारूची कोठारं शहरापासून दूर म्हणून इथे ठेवलेली, नंतर मोडीत निघालेल्या जहाजांचा आणि भंगार लोखंडाचा हा मुलूख झाला. दुकानांपुढे साखळदंडांचे ढीग, नांगर, गोल काचेच्या खिडक्या, जहाजातली स्वयंपाकाची मोठी भांडी. गॅस कटरच्या निळ्या ज्योतीसमोर चष्म्याशिवाय बसलेली तरुण पोरं. हातगाडीवर पोलादी पत्रा चढवताना चार माथाडी एका सुरात ओरडतात आणि त्या सुरावरच पत्रा उचलला जातो.

या किनाऱ्यावरची जुनी बंदरं मालाच्या नावाने ओळखली जातात: लकडी बंदर, कोळसा बंदर, कौला बंदर. त्यांतल्या कौला बंदरावर आता हजारो माणसं राहतात. ही जमीन बंदराची, म्हणजे केंद्र सरकारची. त्यामुळे शहरातल्या इतर झोपडपट्ट्यांना लागू होणारे पाण्याचे आणि पुनर्वसनाचे नियम इथे आपोआप लागू होत नाहीत. रुळांच्या पश्चिमेला नळ, पूर्वेला विकतचं पाणी. एकाच महापालिकेच्या हद्दीत, एकाच स्थानकाच्या दोन दारांशी. याइतकी संताप आणणारी गोष्ट मला या सोळा किलोमीटरांत दुसरी दिसली नाही.

पुढचं स्थानक कॉटन ग्रीन. बाहेर पडलं की समोर कॉटन एक्स्चेंजची भव्य हिरवट इमारत. मुंबईचा कापूस बाजार आधी कुलाब्याला होता. भराव झाल्यावर १९२०च्या दशकात तो इथे हलला. खामगाव, अकोला, अमरावती, जळगावच्या शेतांतला कापूस गासड्या बांधून जीआयपीच्या वाघिणींतून यायचा, इथल्या गोदामांत उतरायचा, त्याचा धागा काढून पाहून भाव ठरायचा आणि मग तो लँकेशायर, जपान किंवा शेजारच्या परळच्या गिरण्यांत जायचा. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या वर्षाचा निकाल या स्थानकाबाहेर लागायचा. त्यातल्या बहुतेकांनी हे स्थानक कधी पाहिलं नसेल. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनचं नाव आता कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया आहे, कचेरी याच इमारतीत आहे, आणि कापसाचा ताळेबंद आजही तिथून निघतो. गासड्या मात्र नाहीत. एकाच उंचीची, एकाच बांधणीची दगडी गोदामं रांगेत उभी आहेत. काहींच्या छपरांतून पिंपळ उगवला आहे, काहींत इतर माल भरलेला असतो.

राज्य सरकारने २०२४ मध्ये या लाइनवरच्या काही स्थानकांची इंग्रजी नावं बदलायचं ठरवलं. त्यानुसार कॉटन ग्रीनचं काळाचौकी, डॉकयार्ड रोडचं माझगाव आणि सँडहर्स्ट रोडचं डोंगरी व्हायचं आहे. काळाचौकीचे लोक गावाचं नाव हक्काने सांगतात, मला ते पटतं.

शिवडी

शिवडीला पूर्वेकडून बाहेर पडून जेट्टीपर्यंत चालत जावं. वाटेत टँकरांची रांग, तेलाच्या टाक्या आणि उजवीकडे टेकाडावर किल्ला. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान आपलं सैन्य घेऊन इथेच उतरला होता आणि मग माझगाव ताब्यात घेऊन त्याने मुंबईच्या किल्ल्याला वेढा घातला. आज त्या किनाऱ्यावरून अटल सेतू निघतो, जवळजवळ बावीस किलोमीटर लांब, १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला. न्हावा शेव्याला जायला पूर्वी खाडीला मोठा वळसा घालावा लागायचा. मुंबई बंदरातला कंटेनर ज्या न्हावा शेव्याकडे गेला त्याच दिशेने आता मोटारीही जातात.

ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यापासून त्यात रोहित पक्षी चोची बुडवून शेवाळ गाळत असतात. पुलाचं काम चालू असताना त्यांतले बरेच ठाणे खाडीच्या वरच्या अंगाला सरकले. तिथे २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आहे. तरी शिवडीचा चिखल त्यांनी सोडलेला नाही.

वडाळ्याला बदला

वडाळा रोडपर्यंत हार्बरला रुळांची एकच जोडी, एक जाणारी आणि एक येणारी. जलद-धीमी असा भेद नाही, सगळ्या गाड्या सगळीकडे थांबतात. वडाळ्यापुढे दोन फाटे होतात. एक कुर्ल्याकडे, दुसरा किंग्ज सर्कलवरून माहीम, वांद्रे, अंधेरी आणि २०१८ पासून गोरेगावकडे. दोन्ही फाट्यांच्या गाड्या दक्षिणेला याच एका जोडीवर ओवायच्या असतात. पनवेलच्या गाडीला मानखुर्दजवळ पाच मिनिटं उशीर झाला की गोरेगावची गाडी वडाळ्याबाहेर उभी राहते, आणि डब्यातल्या माणसाला कळत नाही की आपण का थांबलो. वडाळ्याचा फलाट म्हणून सतत वर इंडिकेटरकडे पाहणाऱ्यांचा फलाट आहे. पनवेलवाला वांद्र्याच्या गाडीतून उतरून उभा, वांद्र्याचा माणूस पनवेलच्या गाडीतून. घोषणा झाली की सगळे एकदम कडेला.

रविवारी इथे शुकशुकाट. सीएसएमटी ते चुनाभट्टी आणि वांद्रे, अकरा-दहा ते चार-दहा असा मेगाब्लॉक ऐन सुट्टीत लागलेला असतो. मी गेलो त्या रविवारी नारिंगी जाकिटातली गँग शिवडीच्या बाजूला रुळांवर होती. एक जण रुळाशी डोळा नेऊन वाकून पातळी बघत होता, तो हात हलवेल तसे बाकीचे पहारीने स्लीपर सरकवत होते. मिलिमीटरांत सरकवत होते. मग खडी ठासली, पुन्हा पाहणी, पुन्हा सरकवणं. सोमवारी सकाळी गाडीला हिसका बसला नाही तर कोणाच्या लक्षातही येत नाही की काल इथे कोणी राबलं होतं.

वडाळ्याची आणखी एक आठवण आहे. १९३० च्या मे-जूनमध्ये इथल्या मिठागरांवर सत्याग्रहींनी धाडी घातल्या. बायका, मुलं, गिरणी कामगार हजारोंच्या संख्येने पोलिसांचं कडं मोडून मूठभर मीठ उचलून परत फिरत होते. दांडी सगळ्यांना पाठ असते, वडाळा मुंबईच्या मुलांनाही ठाऊक नसतो. आषाढीला मात्र वडाळ्याच्या विठ्ठलाला रीघ लागते. पंढरपूरला जाता न आलेला कष्टकरी इथे येतो आणि हार्बरच्या डब्यात त्या दिवशी टाळ वाजतात.

चुना, मीठ, पाणी

पुढचं स्थानक गुरू तेग बहादूर नगर. जुनी माणसं अजून कोळीवाडा म्हणतात. कोळ्यांचं हे गाव, त्याच्याशेजारी लष्करी बराकी, आणि फाळणीनंतर त्या बराकींत वसवलेली पंजाबी आणि सिंधी निर्वासितांची कुटुंबं. ‘कोळंबी कोळीवाडा’ देशभरच्या हॉटेलांत मिळते ती या शेजारातून जन्मली: कोळ्यांची कोळंबी, पंजाब्यांचा मसाला आणि कढई.

चुनाभट्टीला चुन्याच्या भट्ट्या होत्या, मग टाटांची स्वदेशी मिल आली. मिल बंद झाल्यावर तिथल्या कामगारांनी थकलेल्या पैशांसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. जमीन इथे सखल. पावसाळ्यात भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला की मिठी नदीचं पाणी आणि गटारांचं पाणी एकमेकांना वाट देत नाही, आणि वडाळा, चुनाभट्टी, कुर्ला या पट्ट्यात रूळ बुडतात. पाण्याने सिग्नलची यंत्रणा बंद पडते, गाड्या उभ्या राहतात, माणसं खाली उतरून खडीवरून चालू लागतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री या पट्ट्यातून कंबरभर पाण्यात चालत गेलेली माणसं आजही ढग दाटले की घड्याळ आणि भरतीची वेळ दोन्ही बघतात. समुद्र भरून ज्या शहराने जमीन केली, त्याच्या गटारांना भरतीच्या वेळी जायला जागा उरली नाही. लाइनचा उशीर तिथून सुरू होतो.

कुर्ला

१९२५ ची गाडी इथे थांबायची. पुढे रूळ मानखुर्दपर्यंत गेले, मे १९९२ मध्ये खाडी ओलांडून वाशीला पोचले, १९९८ मध्ये पनवेलला. त्याच्या जोरावर नवी मुंबई वसली. कुर्ल्याची कारशेड मात्र पहिल्या गाडीइतकीच जुनी आहे. मध्यरात्रीनंतर तिथे गाड्या येतात. चाकं तपासली जातात, ब्रेक बदलले जातात, पँटोग्राफची कार्बनची पट्टी झिजली असेल तर दुसरी बसवली जाते, कारण ती पट्टीच तारेला घासत वीज उतरवते. पहाटे चारच्या आधी सगळं फलाटावर लागायला हवं.

स्थानकात सात आणि आठ नंबरचे फलाट हार्बरचे. मेन लाइनच्या पाचव्या-सहाव्या मार्गाला जागा हवी आहे, म्हणून हार्बरचं कुर्ला स्थानक आता वर उचललं जाणार आहे आणि त्या उन्नत स्थानकाचं काम चालू आहे. शंभर वर्षांपूर्वी डोंगरीपाशी जे झालं तेच आता दुसऱ्या टोकाला होतंय: मेन लाइन जागेवर, हार्बर तिच्या डोक्यावर. फरक एवढाच की तेव्हा वर उचललेली लाइन बंदरासाठी होती. आता वर चढणार आहेत ते गोवंडी, मानखुर्द, तुर्भ्याहून कामाला येणारे लोक.

आणि दक्षिणेला बंदराच्या शेकडो एकर जमिनीचं काय करायचं याचे आराखडे निघताहेत. हाजी बंदरावरचा कोळसा थांबला, कंटेनर न्हावा शेव्याच्या जेएनपीए बंदराकडे गेले, समुद्राला लागून असलेली ही जमीन शहरातली शेवटची मोकळी जमीन आहे. तिच्या दारात आधीपासून रेल्वे आहे, दर काही मिनिटांना गाडी आहे. ज्या वस्त्यांनी बंदराचा माल उचलला, भंगार कापलं, मासळी वाहिली, त्या रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडीच्या पूर्वेलाच आहेत. आराखड्यात पहिली घरं त्यांची असली पाहिजेत, आणि पाण्याचा नळ तर आराखड्याची वाट न पाहता, आत्ताच.